स्विमिंग पूलच्या पाईपातलं पाणी

दिवाळी झाली की आमच्या सोसायटीचा स्विमिंग पूल बंद व्हायचा. वसईला थंडी पडून पडून पडणार किती, पण सकाळी साडेसहाला गार पाण्यात उतरायला कुणी तयार नसायचं. त्यात आमच्याकडे तेव्हा टँकरचं पाणी. चार महिने कुणी न वापरता पूल भरलेला ठेवायचा म्हणजे सोसायटीत भांडणच. मग नोव्हेंबरात मोटार लावून सगळं पाणी बागेला आणि आजूबाजूच्या झाडांना सोडायचं, पूल कोरडा करायचा आणि मार्चमध्ये पुन्हा भरायचा, अशी रीत पडली होती.

मी तेव्हा चंदनसारच्या एका मराठी शाळेत शिकवत होते. आम्ही वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीच्या पलीकडे, नव्या बांधलेल्या सोसायटीत राहायला आलो होतो. मी, नवरा, आमची आठ वर्षांची मुलगी आणि माझे सासरे. जाहिरातीच्या कागदावर निळ्याशार पुलाचं चित्र होतं. प्रत्यक्षात पूल निघाला शाळेच्या दोन वर्गांएवढा. पण होता. आणि त्या पुलात मी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पोहायला शिकले. सकाळी सहा ते सात बायकांची वेळ असायची. आम्ही सातआठ जणी जुने पंजाबी ड्रेस घालून उतरायचो. पहिल्यांदा हात सोडून मी या काठाकडून त्या काठाला गेले, तेव्हा काठ धरून लहान मुलीसारखी रडले होते. नदीकाठच्या गावात वाढूनही मला कुणी पाण्यात उतरू दिलं नव्हतं. त्यामुळे त्या पुलावर माझा जीव होता.

दुसऱ्या वर्षी पूल बंद झाला आणि तीन आठवड्यांत सोसायटीत ताप सुरू झाला. आधी तळमजल्यावरची दोन मुलं, मग शेजारच्या विंगमधल्या आजी, मग माझी मुलगी. मलेरिया. दुपारी ती थंडीनं अशी कुडकुडायची की पलंगाचा आवाज यायचा. अंगावर तीन गोधड्या घालून मी तिच्यावर आडवी पडायचे. बरी झाली, पण डिसेंबर सगळा त्यात गेला. शाळेची घटक चाचणी बुडाली. अंगावरची कातडी पिवळट पडली होती ती कित्येक महिने तशीच राहिली.

पालिकेची माणसं धूर मारून गेली. गच्चीवरच्या टाक्या पाहिल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या पाहिल्या. पुलात डोकावून म्हणाले, "हा तर कोरडाच आहे." डास मात्र पुलाभोवतीच घोंगावत होते. संध्याकाळी तिथल्या बाकावर पाच मिनिटं बसवत नव्हतं.

पुढच्या ऑक्टोबरात सोसायटीची सभा झाली आणि सेक्रेटरींनी विषय मांडला, की पूल भराव टाकून बुजवावा आणि वर पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावाव्यात. सेक्रेटरी काही वाईट माणूस नव्हते. तळमजल्यावर आजारी पडलेल्या दोन मुलांपैकी एक त्यांचा नातू होता. हात वर करायची वेळ आली. मुलीचा ताप मी विसरले नव्हते. पूल हवा म्हणायला तोंड उघडेना आणि नको म्हणायला हात वर होईना. शेवटी म्हणाले, "मला एक महिना द्या. डास कुठून येतात ते शोधू. नाही सापडलं तर मीच पहिली हात वर करीन."

घरी आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं सभेत?"

त्यांनी आपणहून काही विचारणं हीच नवलाची गोष्ट होती. बाबा मूळचे संगमेश्वरकडचे. तीस वर्षं मुंबईत गिरणीत बॉयलरखात्यात फिटर होते. गिरणी बंद झाली तेव्हापासून त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं. वसईला आल्यावर तर ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायचे. चहा दिला की "हं", जेवायला वाढलं की "हं".

मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, "पूल कोरडा होतो. पण पाईप?"

"पाईपचं काय?"

"पुलातून पंपाच्या खोलीत जाणारे पाईप जमिनीखालून गेलेत ना? तिथलं पाणी कुणी काढलं?"

कुणीच काढलं नव्हतं. पाईपातही पाणी असतं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत मी हे माझ्याशेजारी बसणाऱ्या टीचरना सांगितलं. त्या नंदाखालच्या. वसईच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. त्या डबा खाता खाता थांबल्या.

"अहो, माझे मोठे दीर हेच काम करायचे. आधी आखातात, मग एका थंड देशातल्या हॉटेलात. बर्फ पडतो तिथे. वीस वर्षं पूल सांभाळले त्यांनी. आता वाडीत केळी लावतात."

रविवारी मी बाबांना घेऊन एस.टी.नं नंदाखालला गेले. बाबा यायला तयार झाले याचंच मला अप्रूप. चर्चमधली सकाळची मिस्सा आटपून लोक घरी परतत होते. टीचरांचे दीर मिस्सेचे इस्त्रीचे कपडे बदलून बनियन आणि हाफपँटवर केळींना पाणी लावत होते. उंच, काटक, पिकलेले केस. त्यांनी बायकोला आत काहीतरी सांगितलं, ते त्यांच्या घरच्या बोलीत होतं, मला एक अक्षर कळलं नाही. आमच्याशी मात्र ते अगदी शुद्ध, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलले. चर्चच्या शाळेत शिकलेलं.

मी त्यांना काका म्हणायला लागले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

"टीचर, तिकडे थंडी यायच्या आधी हेच काम. पाईपात पाणी राहिलं की ते गोठतं. गोठलं की फुगतं. फुगलं की जमिनीखाली पाईप फुटतो आणि मग सगळी फरशी उखडा. म्हणून हवेच्या दाबानं थेंबन् थेंब बाहेर काढायचा, आणि तोंडं बुचांनी बंद करायची. दर वर्षी ऑक्टोबर महिना आमचा त्यात जायचा. इथे आलो तेव्हा वाटलं, हे शिकलेलं आता फुकट गेलं. वसईत कुठे पाणी गोठतं?"

"इथे सडतं," बाबा म्हणाले.

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही पाईपातले का, दादा?"

"वाफेच्या."

त्यानंतर दोन तास मला त्यांनी विचारलंही नाही. विहिरीच्या कठड्यावर बसून काकांनी काटकीनं मातीत आमचा पूल काढला, बाबांनी त्यात दुरुस्त्या केल्या. तळाच्या जाळीपासून एक पाईप पंपाकडे जातो. पंपातून पाणी गाळणीच्या टाकीत, आणि तिथून पुलाच्या भिंतीतल्या चार तोंडांतून परत आत. जमिनीखाली पाईप कुठेतरी खचून मध्ये पोट आलं असणार. पूल उपसला तरी पोटातलं पाणी तिथेच राहतं. तोंडं उघडी, म्हणजे डासांना आत जायला वाट मोकळी. मी बाबांना इतकं बोलताना लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

दिवाळी होऊन पूल उपसला, त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी काम ठरलं. टायरच्या दुकानातला हवेचा कॉम्प्रेसर टेंपोतून आला. पंपाच्या तोंडाशी एक गाळणीचं भांडं असतं, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण. त्या भांड्याच्या खालच्या भोकाला हवेची नळी जोडायला बाबांनी आदल्या आठवड्यात स्वतः खपून पितळेचा सांधा तयार केला होता. तो त्यांनी मुलीच्या कंपासपेटीत कापसात गुंडाळून आणला.

काकांनी कामं वाटून दिली. ते स्वतः कोरड्या पुलात उतरून भिंतीतल्या तोंडांपाशी राहणार. बाबा पंपाच्या खोलीत, सांधे आणि चाव्या बघायला. मी कॉम्प्रेसरच्या नळापाशी. सेक्रेटरी काठावर उभे राहून निरोप इकडून तिकडे पोचवणार.

कॉम्प्रेसरवर दाबाचा काटा होता. काकांनी माझ्या पर्समधला लाल स्केचपेन मागून घेतला आणि काचेवर एक रेघ मारली.

"टीचर, काटा या रेघेच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. पाणी येवो न येवो. हवा दिसत नाही, पण पाण्यापेक्षा वाईट. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले.

आधी तळाचा पाईप. काका जाळीपाशी वाकले आणि जरा वेळानं तिथून गुडगुडत पाणी वर आलं, काळं, चहाच्या चोथ्यासारखं. मग नुसते बुडबुडे. काकांनी हात केला, बाबांनी आतून चावी बंद केली. मग पहिलं तोंड. सुरुवातीला नुसती फुसफुस आणि एकदम पिचकारी सुटली. काका बादली धरून होते. पिचकारी संपून धुकं यायला लागल्यावर त्यांनी रबरी बूच ठोकलं आणि बादली वर सेक्रेटरींच्या हातात दिली.

सेक्रेटरींनी बादलीत पाहिलं आणि मला हाक मारली. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या, शेकड्यांनी. वर जायच्या, खाली जायच्या.

"वर्षभर आपण कुंड्या उपड्या करत बसलो," ते हळूच म्हणाले.

मला त्या अळ्या बघून किळस यायच्याऐवजी बरं वाटलं. शत्रूचं घर सापडलं होतं. दुसरं तोंड झालं, तिसरं झालं. एव्हाना काठावर वीसपंचवीस माणसं जमली होती. पाणी उडालं की मुलं टाळ्या वाजवत होती.

चौथं तोंड मात्र निघेना. आतून घुसमटल्यासारखा आवाज यायचा आणि काहीच बाहेर नाही. काका कान लावून बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ऊन चढलं. काटा लाल रेघेला टेकलेला, मी नळ धरून उभी.

काठावरून कुणीतरी म्हणालं, "जरा जोर लावा की!"

सेक्रेटरीही माझ्याकडे वळले. "अजून थोडं देऊन बघा ना, टीचर. एवढी तीन झाली."

काकांचा निरोप काही आला नव्हता. ते पुलात खाली, माझ्या बाजूच्या भिंतीला टेकून होते, मला दिसत नव्हते. मी नळ थोडासा फिरवला. अगदी थोडासा. काटा रेघेच्या पुढे सरकला, मला दिसलं, आणि मी हात काढला नाही. वाटलं, आता सुटेल, आत्ता सुटेल.

तोफेसारखा आवाज झाला. पंपाच्या खोलीतून धूळ बाहेर आली. छपराच्या पत्र्याचा तुकडा माझ्या पायाशी येऊन पडला. गाळणीच्या भांड्याचं झाकण उडून छप्पर फोडून गेलं होतं.

"बाबा!" मी ओरडले. उत्तर नाही. "बाबा!"

खोलीचं दार पंधरा पावलांवर होतं. ती पंधरा पावलं मी कशी गेले ते मला आजही सांगता येत नाही. आत धुळीनं काही दिसत नव्हतं. भांडं उघडं पडलं होतं, त्यातून हवा सुसाटत होती. बाबा कुठेच दिसेनात. मी जमिनीवर हातानं चाचपडायला लागले.

मग गाळणीच्या मोठ्या टाकीमागून त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा.

"हवा बंद कर गो आधी!"

ते टाकीच्या आडोशाला, भिंतीला पाठ लावून उभे होते. केसांवर पांढरी धूळ. एक ओरखडाही नव्हता. स्फोटानं कान बधिरले होते म्हणून माझ्या हाका त्यांना ऐकू आल्या नव्हत्या. मी त्यांचे दोन्ही दंड धरले. लग्नानंतर बारा वर्षांत नमस्काराखेरीज मी त्यांना कधी हात लावला नव्हता. मी त्यांचे हात, खांदे, डोकं चाचपून बघत राहिले आणि ते "अगो, काही नाही झालं, काही नाही झालं" म्हणत राहिले.

तेवढ्यात काका धापा टाकत आले. बाहेर कुणीतरी कॉम्प्रेसर बंद केला. काकांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग छपराच्या भोकाकडे, मग बाबा उभे होते त्या जागेकडे.

"झाकणासमोर नव्हतात?"

"दाबाच्या झाकणासमोर उभं राहायचं नसतं," बाबा म्हणाले. "पहिल्या दिवशी शिकवलं होतं आम्हाला गिरणीत."

काका मटकन खाली बसले. छातीवर क्रूसाची खूण केली. मीही त्यांच्याशेजारी बसले. आम्ही तिघं त्या धुळीत बसलो होतो. कुणीतरी पाणी आणून दिलं.

सेक्रेटरी दारात आले, चेहरा पांढराफटक. "झाकणच जुनं असेल हो," ते म्हणाले. "ऊन खाऊन कडकडीत झालेलं." मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. काटा रेघेच्या पुढे गेलेला फक्त मलाच माहीत होता.

मला वाटलं, आता काम थांबवतील. पण बाबा चहा पिऊन उठले. म्हणाले, "चौथं राहिलंय."

हवा पुन्हा लावायची नाही असं ठरलं. काकांनी लांब तारेचं टोक वळवून आकडा केला आणि तो चौथ्या तोंडातून आत सारला. एक हात आत गेल्यावर तार अडली. बाबा मागून तार धरून, काका पुढून पिळत, दोघं अर्धा तास झटत होते. एकदा काहीतरी अडकलं, पुन्हा सुटलं. शेवटी काकांनी "ओढा, दादा!" म्हटलं आणि बाहेर आला तो सिमेंटच्या गोणीचा बोळा, दगडासारखा घट्ट झालेला. बांधकामाच्या वेळी माल आत जाऊ नये म्हणून कुणीतरी पाईपात कोंबला होता आणि काढायला विसरला होता. त्याच्यामागून जे पाणी आलं त्याचा वास असा होता की काठावरची सगळी माणसं चार पावलं मागे गेली. काका मात्र गुडघ्यापर्यंत त्या घाणीनं माखूनही हसत होते.

चारही तोंडांना बुचं बसली. उघड्या पडलेल्या भांड्यावर बाबांनी लोखंडी पत्रा बोल्टनं आवळून टाकला. दुपारी तीनला काम संपलं. सेक्रेटरींच्या घरून सगळ्यांना पुलाव आला. बाबा दोनदा वाढून घेऊन जेवले.

मी मात्र माझं ताट तसंच परत दिलं. दोन दिवस मी वर्गात मुलांना बेरजा चुकीच्या शिकवल्या. "झाकण जुनं होतं" हे जो तो बाबांना सांगत होता आणि ते नुसते "हं" करत होते. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी चहाचे दोन कप घेऊन गॅलरीत गेले आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसले.

"बाबा, झाकण जुनं नव्हतं. मी नळ जास्त फिरवला. काकांनी रेघ मारून दिली होती, मला दिसत होतं, तरी फिरवला."

त्यांनी कप घेतला. बशीत चहा ओतला.

"मला माहीत आहे."

"कसं?"

"भांडं कुंथायला लागलं की आवाज बदलतो. तेव्हाच मी टाकीमागे गेलो." त्यांनी एक घोट घेतला. "आवाज बदलला तेव्हा मी ओरडून सांगायला पाहिजे होतं, बंद करा म्हणून. नाही ओरडलो. मलाही वाटलं, आता सुटेल."

ते पुढे बोलले, सावकाश, रस्त्याकडे बघत. गिरणीत नवे होते तेव्हा एकदा त्यांच्याकडून वाफेची चावी लवकर उघडली गेली. त्यांच्या मुकादमाचा हात भाजला. त्यानं वरच्या साहेबाला सांगितलं, चावी सैल होती. बाबांनी चार महिने त्याला खरं सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा मुकादम म्हणाला, बरं झालं सांगितलंस, मला तुझ्याबरोबर काम करायला भीती वाटायला लागली होती.

"तू तीन दिवसांत सांगितलंस," बाबा म्हणाले. "चहा निवतोय."

मी तिथेच रडले, पण ते रडणं बरं वाटणारं होतं. छातीवरून कुणीतरी उठून गेल्यासारखं. पुढच्या रविवारी मी नंदाखालला फोन करून काकांनाही सांगितलं. ते म्हणाले, "टीचर, पुढच्या वर्षी नळावर मी उभा राहीन, तुम्ही पुलात उतरा." आणि हसले.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे मलेरियाचा एकही पेशंट निघाला नाही. डिसेंबरभर मी रोज संध्याकाळी मुलीच्या कपाळाला हात लावून बघायचे. गार. पुन्हा गार. शेवटी शेवटी ती चिडून माझा हात झटकायला लागली. जानेवारीच्या सभेत सेक्रेटरींनी भरावाचा विषय स्वतःच मागे घेतला आणि दर दिवाळीनंतर पाईप रिकामे करायचे, असं इतिवृत्तात लिहून घेतलं. कामाची जबाबदारी कुणाची, असा प्रश्न आला तेव्हा मागच्या रांगेतून बाबा म्हणाले, "माझी." सभेला ते पहिल्यांदाच आले होते.

त्याआधी, नाताळात काकांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी करंज्या करून नेल्या. अंगणात येशूजन्माचा गोठा उभारला होता, त्यातली मातीची मेंढरं माझी मुलगी पुन्हा पुन्हा मोजत होती. टीचर आणि त्यांच्या जाऊबाई आत पानं वाढत होत्या. मला काही करू देईनात. मी माडाखालच्या खाटेवर बसले. विहिरीपाशी दोघं म्हातारे काकांचा बिघडलेला पंप उघडून बसले होते, हात काळे, सणाचे कपडे खराब होतायत याची दोघांनाही शुद्ध नाही. बाबा काहीतरी सांगत होते, काका मान हलवत होते, मग काका सांगायला लागले. ऊन कोवळं होतं. मी चपला काढून पाय वर घेतले आणि जेवायला हाक येईपर्यंत तिथेच आडवी झाले. डोळा कधी लागला ते कळलंच नाही.